घर रेडिंगला, नाव कोथरूडच्या कागदावर

इंग्लंडात आपल्यातलं कुणी घर घ्यायला निघालं की हापिसात लंच टेबलवर एकच चर्चा. रेट काय मिळाला? दोन वर्षं फिक्स करू की पाच? मग एक्सेल शीट फिरायला लागतात (आपण सॉफ्टवेअरवाले, एक्सेलशिवाय निर्णय घेतला तर पाप लागतं). कायद्याचा विषय निघाला की मात्र "ते सॉलिसिटर बघतो ना" एवढ्यावर गाडी थांबते.

माझं मत उलटं आहे. रेट पाव टक्का इकडेतिकडे झाला तर दोन वर्षांनी बदलता येतो. सॉलिसिटर जे प्रश्न घाईघाईत फॉर्मवर खूण करायला सांगून उरकतो, ते बदलायला फार महाग पडतात. आणि त्यातले काही आपल्याच लोकांना जास्त नडतात.

उदाहरणार्थ हा: तुमच्या नावावर जगात कुठेही घर आहे का? "जगात कुठेही" हे शब्द परत एकदा वाचा. आपल्याकडे बाबा फ्लॅट घेताना अ‍ॅग्रीमेंटवर मुलाचं नाव दुसरं टाकतात, पुढे कटकट नको म्हणून. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. सही करतो आणि विसरतो. बारा वर्षांनी तोच मुलगा रेडिंगला चार लाख पौंडांचं घर घेतो आणि बिनदिक्कत "फर्स्ट टाइम बायर" म्हणून सांगतो.

आता हिशोब बघा. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्यांदा घर घेणाऱ्याला चार लाखांवर ५,००० पौंड स्टँप ड्यूटी बसते. आधी कुठेही घर झालेलं असेल तर ती सवलत गेली, १०,००० भरा. आणि त्या जुन्या घरातला तुमचा हिस्सा अजून तुमच्याकडे आहे, त्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त आहे, तर वर ५ टक्के सरचार्ज. तोही पूर्ण किमतीवर, म्हणजे आणखी २०,०००. झाले ना ३०,०००? कोथरूडच्या टू बीएचकेचा अर्धा हिस्सा आज ती रेषा सहज ओलांडतो. बायकोच्या एकटीच्या नावावर घेऊ म्हणाल, तर तीही पळवाट नाही. एकत्र राहणारं नवराबायकोचं जोडपं सरचार्जसाठी एकच धरतात.

"पैसे बाबांनी भरले, माझं नाव नुसतं कागदावर" हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, कारण इथला कायदा खरा मालक कोण हे बघतो. पण तो टॅक्सच्या माणसासमोर आधी मांडायचा असतो, एचएमआरसीचं पत्र आल्यावर नव्हे. रिटर्न ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत जातं. भरतो सॉलिसिटर, जबाबदारी मात्र तुमची. मला स्वतःला हा नियम वाईट वाटत नाही. वाकडला भाड्याने दिलेला फ्लॅट असणाऱ्याने इथे येऊन स्वतःला पहिलटकर म्हणवून घ्यायचं कारण नाही :) चीड येते ती याची, की हा प्रश्न पन्नास पानी फॉर्मात एका ओळीत लपलेला असतो आणि कुणी "अहो, आईवडिलांच्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का?" असं साध्या भाषेत विचारत नाही.

दुसरं प्रकरण नाजूक आहे. डिपॉझिटचे पैसे. बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे येतात, आणि बँक एक पत्र मागते: ही भेट आहे, परत घ्यायची नाही, घरावर आमचा कुठलाही हक्क नाही. आईबाबा पुण्याहून सही करून पाठवतात. घरात मात्र सगळ्यांनी मनात धरलेलं असतं की "जमेल तसे परत करू". उद्या संसार मोडला तर न्यायाधीश ते पत्र वाचणार, तुमच्या मनातलं नाही. पैसे खरंच परत करायचे असतील तर बँकेला तसं सांगा. ती कर्ज कमी देईल किंवा नाही म्हणेल. म्हणू दे. वडिलांच्या म्हातारपणाच्या पैशावर खोटं पत्र लिहून घेण्यापेक्षा लहान घर परवडलं.

याच्याच पोटातला प्रश्न म्हणजे दोघांची मालकी कशी? जॉइंट टेनंट्स असाल तर एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहा. टेनंट्स इन कॉमन असाल तर हिस्से ठरवता येतात, ७०-३० सुद्धा, आणि आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनी, दोघा भावांनी किंवा मित्रांनी डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट केल्याशिवाय घर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. नवराबायकोंच्या घटस्फोटात कोर्ट तो कागद विचारात घेतं, पण त्याला बांधील नसतं.

रिमॉर्गेजला तर कुणी वकिलाचा विचारच करत नाही, कारण "लीगल फ्री" असतं. फ्री असतं तेव्हा तो वकील बऱ्याचदा बँकेचाच असतो. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर बायकोपुढे एक कागद येतो: माझा या घरात काही हक्क असलाच तर तो बँकेच्या मागे. तो कागद आला १९८० च्या एका खटल्यामुळे. बोलंड नावाच्या बाईंनी घरात पैसे घातले होते, त्या तिथे राहत होत्या, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा हक्क बँकेच्या वर धरला. तेव्हापासून बँका आधीच सही घेऊन ठेवतात. म्हणजे सही करणारी बाई नेमकं तेच सोडून देते जे बोलंडबाईंना कोर्टाने दिलं. तिने आपला वेगळा वकील अर्ध्या तासासाठी गाठावा, नवऱ्याने तोंड वाकडं केलं तरी.

आणि त्याच वेळी तिचं नाव घरावर चढवणार असाल तर उत्तमच, पण कर्जाचा जो वाटा ती अंगावर घेते ती किंमत धरली जाते. तो १,२५,००० पौंडांच्या वर गेला तर स्टँप ड्यूटी लागू शकते, बायको असली तरी. कर्ज मोठं असेल तर फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.