नावाचे चॉकलेट, घरचा साचा

बाजारात बदाम, गुलाब, शिंपले अशा आकारांचे चॉकलेटचे साचे सहज मिळतात. पण वाढदिवसाला छोकरीचे नाव मराठी अक्षरांत हवे असेल, तर साचा घरीच करावा. काम अवघड नाही, मात्र हौसेपोटी एक चूक करू नका. खिडकीच्या फटी किंवा न्हाणीघराचे सांधे भरायचे सिलिकॉन स्वस्त मिळाले, तरी ते खाण्याच्या साच्यासाठी नाही. त्यात बुरशीनाशक असू शकते. दोन भागांचे, 'प्लॅटिनम क्युअर' प्रकारचे आणि 'फूड ग्रेड' असे स्पष्ट छापलेले सिलिकॉनच घ्या.

कृती : पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्याचे सांधे चिकटपट्टीने बंद करा. मागून सपाट व भरीव अशी प्लॅस्टिकची अक्षरे स्वच्छ पुसून तळाशी घट्ट चिकटवा. कडेने व वरून एकेक सेंटिमीटर जागा हवी. सिलिकॉन किती लागेल? अक्षरांवर एक सेंटिमीटर येईपर्यंत खोक्यात कोरडे तांदूळ भरा आणि ते मापाने मोजा, अंदाज मिळेल. मग खोके नीट झटकून पुसा.

दोन्ही भाग डब्यावरील प्रमाणात घेऊन सावकाश, कडा खरवडत एकजीव करा. जोरात घोटल्यास बुडबुडे होतात. मिश्रण खोक्याच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धारेने ओता. सांगितलेला वेळ पूर्ण झाल्यावरच पुठ्ठा सोडवून अक्षरे काढा. साचा चिकट राहिला, तर माप चुकले असावे किंवा गंधकयुक्त माती अथवा लॅटेक्सचे हातमोजे लागले असावेत. असा साचा वापरू नका.

पहिल्यांदा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या चॉकलेटची गुठळी करतो. नवशिक्यांनी कंपाउंड चॉकलेट घ्यावे. गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात ते वितळवा, साच्यात ओता, साचा हलकेच आपटून हवा काढा आणि पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा.

शेवटची सूचना : याच साच्यात मेणबत्त्या किंवा साबण करू नका. सिलिकॉन सुगंध धरून ठेवते आणि तो पुढच्या चॉकलेटला लागतो. चॉकलेटचा साचा वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवा. पुढच्या वाढदिवसाला तो पुन्हा तयारच असेल.