प्रागच्या बागांतील शांतता

१.
प्रागमध्ये चार्ल्स पुलावरील गर्दी ओलांडून माला स्त्राना या जुन्या वस्तीत शिरले, की काही मिनिटांतच कोलाहल मागे पडतो. उंच भिंतीतील एका दारातून आत गेल्यावर वालेनस्टाइन प्रासादाचे उद्यान लागते. कातरलेल्या झुडपांच्या रांगा, मोकळे फिरणारे मोर, ब्राँझचे पुतळे, तीन भव्य कमानींचा मंडप आणि या सर्वांच्या माथ्यावर, टेकडीवर, प्रागचा राजकिल्ला. प्रवासवर्णनांत अशा जागांविषयी एक वाक्य हमखास आढळते: येथे काळ थांबला आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी मात्र हे वाक्य सहजासहजी मान्य करू नये.

२.
कारण ही शांतता मोठी किंमत मोजून निर्माण झाली आणि ती किंमत बहुतांशी दुसऱ्यांनी मोजली. सेनापती आल्ब्रेख्त फॉन वालेनस्टाइन याने १६२३ ते १६३० या काळात हा प्रासाद उभारला, तेव्हा येथे मोकळे माळरान नव्हते. २६ घरे आणि त्यांच्या आसपासच्या बागा हटवून ही जमीन रिकामी करण्यात आली. प्रासादाच्या मुख्य दालनाच्या छतावर रथारूढ युद्धदेव मार्स रंगवलेला आहे. त्याचा चेहरा वालेनस्टाइनचा आहे. ती २६ घरे ज्यांची होती, त्यांचे चेहरे कोणत्याही छतावर नाहीत.

३.
एका सरदाराच्या हाती एवढी संपत्ती आली कोठून? उत्तराचा आरंभ वरच्या किल्ल्यात होतो. २३ मे १६१८ रोजी बोहेमियातील प्रोटेस्टंट सरदारांनी जुन्या राजवाड्यात स्लावाता आणि मार्टिनिट्स या सम्राटाच्या दोन कॅथलिक प्रतिनिधींना, तसेच त्यांच्या चिटणिसाला, खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले. मात्र या घटनेतून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले. किल्ल्याच्या दक्षिण उद्यानात त्या पतनाच्या जागा दाखवणारे दोन स्मारकस्तंभ आजही उभे आहेत. शहराचे विहंगम दृश्य पाहण्यात गुंतलेल्यांची नजर त्यांच्याकडे क्वचितच वळते.

४.
८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागच्या पश्चिमेस बिला होरा, म्हणजे श्वेतगिरी, येथे बंडखोरांच्या सैन्याचा अवघ्या काही तासांत पराभव झाला. २१ जून १६२१ रोजी जुन्या शहराच्या चौकात बंडाच्या २७ नेत्यांना देहदंड देण्यात आला. त्यांत ३ उमराव, ७ सरदार आणि १७ नागरिक होते. विद्यापीठाचा प्रमुख आणि नामवंत शरीरशास्त्रज्ञ यान येसेनिउस हा त्यांपैकीच एक. बारा जणांची मस्तके पुलाच्या मनोऱ्यावर टांगण्यात आली आणि ती दहा वर्षे तेथेच राहिली. चौकातील फरसबंदीत आज २७ क्रूस कोरलेले आहेत.

५.
शिक्षेपाठोपाठ जप्ती आली. १६२२ साली नाणी पाडण्याचा मक्ता एका मंडळाकडे गेला. त्यात फाशीच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारा लिख्टेनस्टाइन, स्वतः वालेनस्टाइन आणि हान्स दे विट्टे व याकोब बासेवी हे धनिक होते. चांदीचे प्रमाण घटवून हिणकस नाणी पाडण्यात आली आणि त्याच नाण्यांत जप्त जहागिरींचे मोल चुकते झाले. सामान्यांच्या गाठीची बचत मातीमोल होत असताना काही घराण्यांच्या पदरी मुलखच्या मुलूख पडले. किल्ल्याखालच्या उद्यानाचा पाया या व्यवहारावर उभा आहे.

६.
१६२७ च्या नव्या राज्यसंहितेने बोहेमियात कॅथलिक धर्म हा एकमेव मान्य धर्म ठरवला. इतरांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग असे दोनच मार्ग उरले. शिक्षणशास्त्रज्ञ यान आमोस कोमेन्स्की, ज्याला जग कोमेनियस म्हणून ओळखते, १६२८ मध्ये देशाबाहेर पडला. तो पुन्हा मायदेशी परतू शकला नाही. १६७० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे त्याचा अंत झाला आणि नार्डेन या डच गावी त्याला पुरण्यात आले. आज वालेनस्टाइनच्या नावाच्या रस्त्यावरच कोमेन्स्कीच्या नावाचे शिक्षण संग्रहालय आहे. ज्याला देश मिळाला आणि ज्याचा देश गेला, ते दोघे एका रस्त्यावर शेजारी झाले आहेत.

७.
उद्यानातील पुतळ्यांची कथाही अशीच आहे. मूळ पुतळे आड्रियान दे व्हरीस या शिल्पकाराचे. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने किल्ला आणि माला स्त्राना लुटले, तेव्हा ते पुतळेही गेले. मूळ शिल्पे आज स्टॉकहोमजवळच्या द्रॉटनिंगहोल्म येथे आहेत; प्रागमध्ये दिसतात त्या प्रतिकृती. हिणकस नाण्यांच्या बळावर घडवलेले वैभव दुसऱ्या लुटारूने नेले आणि त्याच्या छायेला आज आपण सौंदर्य म्हणतो.

८.
मग या बागांकडे संतापाने पाहावे काय? तसे केल्यास काय घडते, याचेही उदाहरण प्रागनेच दिले आहे. ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर आठवडाभरातच, जमावाने जुन्या चौकातील मेरीमातेचा स्तंभ पाडला. तो श्वेतगिरीच्या पराभवाचे आणि परकी सत्तेचे प्रतीक आहे, असा समज होता. प्रत्यक्षात तो १६५० मध्ये उभारला गेला तो १६४८ च्या स्वीडिश वेढ्यातून शहर वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी. त्या रक्षणात प्रागचे विद्यार्थी आणि नागरिक लढले होते. शतकानंतर, २०२० मध्ये, स्तंभाची प्रतिकृती पुन्हा उभी राहिली. वाद मात्र शमला नाही.

९.
संतापाला दोन स्पष्ट बाजू लागतात आणि इतिहास त्या सहसा पुरवत नाही. देहदंड झालेल्या २७ जणांत जर्मनभाषक होते, एक कॅथलिकही होता. वालेनस्टाइन परका नव्हता. तो चेक घराण्यात जन्मला, प्रोटेस्टंट वातावरणात वाढला आणि पुढे कॅथलिक झाला. ज्या सम्राटासाठी तो लढला, त्याच्याच निष्ठावंतांनी १६३४ मध्ये त्याची हत्या केली. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी विभागणी करून ही बाग वाचता येत नाही.

१०.
बागा कायम शांत राहत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. येथून थोड्याच अंतरावर लोब्कोविट्स प्रासाद आहे. १९८९ मध्ये तेथे पश्चिम जर्मनीचा दूतावास होता. पूर्व जर्मनीचे नागरिक कुंपणावरून चढून त्याच्या बागेत शिरू लागले. सप्टेंबरअखेर सुमारे ४,००० माणसे तेथे तंबूंत, चिखलात, लेकराबाळांसह मुक्कामाला होती. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी परराष्ट्रमंत्री गेन्शर यांनी सज्ज्यातून त्यांना पश्चिमेकडे जाऊ दिले जाणार असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांचे पुढचे शब्द जल्लोषात बुडाले. आज त्या बागेत चार पायांवर चालणाऱ्या ट्राबांट मोटारीचे शिल्प आहे. पूर्व जर्मनीतून आलेल्या अनेकांनी आपली ट्राबांट प्रागच्या रस्त्यांवरच सोडून दिली होती.

११.
म्हणून जुन्या शहराच्या निवांत कोपऱ्यात उभे राहणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. या जागी आधी काय होते? हे उभारायला पैसा कोठून आला? आणि येथील माणसे गेली कोठे? या प्रश्नांनी बागेचे सौंदर्य उणावत नाही. मोर तितकेच देखणे राहतात, कमानींतून येणारा उन्हाचा तिरपा पट्टाही तसाच राहतो. वालेनस्टाइनच्या प्रासादात आज चेक संसदेचे वरिष्ठ सभागृह भरते आणि त्याची बाग उन्हाळ्यात सर्वांसाठी खुली असते. एका माणसासाठी रिकामी केलेली जागा चार शतकांनी सर्वांची झाली आहे. तेथील बाकावर टेकणाऱ्याने त्या २६ घरांची आठवण क्षणभर तरी ठेवावी, एवढीच इतिहासाची अपेक्षा आहे.