गव्हाचे गाव कोणते?

मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात गव्हाची गाडी लागते. गव्हाची पारख म्हणजे पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढायचे, ओलावा, काडीकचरा, कीड पाहायची. हा गहू कोणत्या मातीत पिकला, हे त्या मुठीत दिसत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतल्या लोकांचे केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कल. आधी संशय पाण्यावर गेला. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. त्यांच्या अहवालात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. धुतलेल्या गव्हातही १३.६१. म्हणजे विष वरच्या धुळीत नव्हते, दाण्यातच होते. सेलेनियमची माणसाची रोजची गरज अवघी ४० मायक्रोग्रॅम. अशा पाव किलो गव्हातून तिच्या नव्वदपट पोटात जाते.

१८१७ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसला गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात हे मूलद्रव्य सापडले. चंद्रदेवतेवरून त्याने नाव ठेवले सेलेनियम. गंधकाशी त्याचे इतके साम्य, की पिकाची मुळे गंधकाच्याच वाटेने ते आत घेतात. म्हणून जशी माती, तसा दाणा. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या डकोटा भागात त्याच्या अतिरेकाने गुरांचे खूर झडत होते. पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातही अशा जमिनी आहेत. उलट चीनच्या केशानमध्ये ते इतके कमी, की मुलांची हृदये निकामी झाली. फिनलंडने १९८४ मध्ये ते खतातच मिसळायचे ठरवले.

तेव्हा ‘आपल्या शिवारातले खा, बरे राहा’ हा उपदेश पुरा पडत नाही. केशानचे लोक आपल्याच शिवारातले खात होते. लांबचे धान्य अनेक मातींतले मिसळून आले, तर उणेअधिक आपोआप सांधले जाते. धोका एकाच पट्ट्याची खेप एकाच तालुक्यात, महिनोन् महिने जाण्यात आहे.

बारदानावरचा शिक्का दुकानात पोते उसवले की संपतो. पिशवीतला गहू निनावी होतो. खेपेचा मूळ जिल्हा तालुक्यापर्यंत नोंदवा, जास्त सेलेनियमच्या माहीत असलेल्या पट्ट्यांतला माल प्रयोगशाळेत तपासा, मगच वाटा. सळईत आलेली मूठ तीच, फक्त तिला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. शेगावात तो टक्कल पडल्यावर विचारला गेला.