पुन्हा केलेले वर्ष आणि विद्यापीठाचा अर्ज

फेब्रुवारीच्या अखेरीस ए-लेव्हलचा निकाल लागतो आणि त्यानंतरचे तीन आठवडे आपल्या बेटावरील मराठी घरांतून विद्यापीठाच्या अर्जाखेरीज दुसरा विषय नसतो. क्लेमेंटीसारख्या वस्तीत तर तो टाळू म्हटले तरी टळत नाही. इंटरचेंजवरून ९६ क्रमांकाची बस थेट केंट रिजला राष्ट्रीय विद्यापीठात जाते, क्लेमेंटी रोडवर सोशल सायन्सेसचे विद्यापीठ आहे, डोव्हरला पॉलिटेक्निक आहे, आणि स्टेशनाला लागून असलेल्या मॉलच्या वाचनालयात मुले-मुली संगणक उघडून फॉर्म भरीत बसलेली असतात. कोणाला किती पॉइंट मिळाले, कोण कायद्याला जाणार, कोणाला लंडनहून पत्र आले, हे लिफ्टमध्ये भेटणारा शेजारीही सांगतो.

या गलबल्यात काही घरे गप्प असतात. त्यांच्या मुलाने किंवा मुलीने ज्युनिअर कॉलेजचे पहिले वर्ष दोनदा केलेले असते, आणि त्याचे कारण आळस किंवा उनाडक्या नसून नैराश्याचा आजार हे असते. या घरांतून आम्हां शिक्षकांकडे येणारा प्रश्न ठरलेला आहे. "बाई, त्या वर्षाचे काय लिहायचे?" प्रश्नाबरोबर उत्तरही आणलेले असते. कावीळ झाली होती असे लिहू का? आजीच्या दुखण्यासाठी भारतात राहिलो होतो असे लिहिले तर? पुण्यातले ओळखीचे डॉक्टर टायफॉइडचा दाखला द्यायला तयार आहेत, असेही आम्ही ऐकले आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. असे काही लिहू नये. सत्य बोलावे हे पाठ्यपुस्तकातले वचन म्हणून आम्ही हे सांगत नाही. या खोट्याचा उपयोग काही होत नाही, आणि त्याची किंमत मात्र पुढे त्या मुलालाच मोजावी लागते, म्हणून सांगतो.

प्रथम उपयोगाचे पाहू. येथील विद्यापीठे ए-लेव्हलच्या विद्यार्थ्याचा अर्ज पाहतात तो मुख्यतः अंतिम परीक्षेच्या श्रेणींवरून. २०२६च्या प्रवेशापासून हा हिशेब ७० गुणांचा झाला आहे. तीन एच-टू विषयांचे प्रत्येकी २० आणि जनरल पेपरचे १०. त्याआधी तो ९० गुणांचा होता. चौथा विषय आता फायद्याचा असेल तरच धरतात. या हिशेबात पहिल्या वर्षाच्या प्रमोशनल परीक्षेला कोठेही जागा नाही, आणि प्रमाणपत्रावरही ते वर्ष किती वेळा केले हे छापलेले नसते. जिथे कोणी विचारलेच नाही, तिथे कावीळ कोणासाठी लिहायची?

वयाची चिंता तर आम्हांला चमत्कारिक वाटते. आपल्या इथले मुलगे दोन वर्षांच्या लष्करी सेवेनंतर विद्यापीठात येतात. पॉलिटेक्निकची तीन वर्षे करून येणारे असतात, मिलेनिया इन्स्टिट्यूटमध्ये ए-लेव्हलचा अभ्यास तीन वर्षांत करून येणारे असतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात एकोणीस वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा मुलगा एकाच बाकावर बसतात व कोणी कोणाची जन्मतारीख विचारीत नाही. एक वर्ष मागे पडले म्हणून आकाश कोसळल्यासारखे जे वाटते, ते आपल्या दिवाणखान्यात वाटते. (लष्कराचा विषय निघाला म्हणून सांगतो. भरतीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत हा आजार लपवणे सरळसरळ धोक्याचे आहे. तिथे सर्व सांगितलेच पाहिजे.)

आता जिथे खरोखरच विचारतात, तिथले पाहू. गुणांपलीकडे कल पाहून प्रवेश देण्याची पद्धत येथील विद्यापीठांत आहे, त्यात लिहावे लागते आणि मुलाखतही होऊ शकते. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत शाळेचे दाखले समोर असतात, तारखा मोजणारे लोक समोर असतात. ब्रिटनचे अर्ज यूकासमार्फत जातात. त्यात शिक्षकाने द्यावयाच्या शिफारशीचे आता तीन भाग केलेले असून दुसरा भाग विद्यार्थ्याच्या अडचणीच्या परिस्थितीसाठीच राखलेला आहे. म्हणजे हा खुलासा करण्याची जागा त्यांनीच करून ठेवली आहे, आणि तो खुलासा शिक्षकाने करावयाचा आहे. मुलाने आपल्या निवेदनातली मोलाची जागा त्यावर खर्च करण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईकडे मुलाला पाठवू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. शिक्षणात खंड पडला असेल तर महाराष्ट्रातली महाविद्यालये त्याबद्दल प्रतिज्ञापत्र मागतात, ज्याला तिकडे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. वर्ष पुन्हा करणे म्हणजे खंड नव्हे. पण शाळा पूर्ण सुटून काही काळ गेला असेल, तर तिथे आजीचे दुखणे शपथेवर लिहावे लागेल.

मग लिहायचे तरी काय? तीन ओळी. आम्ही मुलांना साधारण असे सुचवतो: ज्युनिअर कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी आजारी होते. उपचार घेतले, बरी झाले आणि शाळेच्या सल्ल्याने ते वर्ष पुन्हा केले. त्यानंतरची माझी हजेरी व गुण अर्जात आहेत. यापुढे आपल्याला काय शिकायचे आहे आणि का, याकडे वळावे. आजाराचे नाव घालायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. 'आजारी होते' हे नाव न घालताही पूर्ण खरे आहे.

याच्या उलट टोकाचा सल्ला देणारेही हल्ली पुष्कळ निघाले आहेत. फी घेऊन निबंध घडवून देणारी मंडळी मुलांना सांगतात की अंधार, एकांत, अश्रू, आणि मग एका पहाटे सापडलेला प्रकाश असे सगळे सविस्तर येऊ द्या, परदेशी विद्यापीठांना असे आवडते. आम्हांला हा प्रकार कावीळ लिहिण्याइतकाच नापसंत आहे. सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या सर्वांत वाईट महिन्यांचे भांडवल करून ते अनोळखी माणसांपुढे मांडावे, आणि प्रवेश मिळाला नाही तर आपले दुःखही कमी पडले असे समजावे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

हे झाले अर्जाचे. पण आमच्या मते अर्ज हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग ऑगस्टमध्ये, विद्यापीठ सुरू झाल्यावर, समोर येतो.

आमच्या परिचयाच्या एका घरात मुलीला बजावून सांगितले गेले होते की झाले ते झाले, आता कोणाजवळ बोलायचे नाही. मुलगी आज्ञाधारक. वसतिगृहात राहायला गेली, खोलीत दुसरी मुलगी होती. गोळ्यांचे पाकीट तिच्या दृष्टीस पडेल म्हणून हिने गोळ्या घेणेच सोडले. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात, कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे तिला ठाऊक होते. पण 'कोणाजवळ बोलायचे नाही' हे वाक्य त्याहून मोठे ठरले. दुसऱ्या सत्रापर्यंत पुन्हा तेच. वर्गाला जाणे बंद, फोन बंद, दिवसा झोप. विद्यापीठात समुपदेशनाची सोय होती, वैद्यकीय कारणासाठी रजा मिळण्याची सोय होती, परंतु तिथल्या कोणालाच काही माहीत नसल्यामुळे कोणी हाक मारली नाही. पुढे रजा घेऊन, उपचार घेऊन ती सावरली, शिकतेही आहे. पण वाया गेलेल्या एका वर्षाची लाज झाकण्यासाठी दुसरे जवळजवळ एक वर्ष खर्ची पडले.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो की दोन दारे वेगळी समजा. प्रवेश देणारे दार एक, सांभाळणारे दार दुसरे. पहिल्या दाराशी तीन ओळी पुरतात. दुसऱ्या दाराशी, म्हणजे विद्यापीठाच्या समुपदेशकाजवळ आणि आरोग्यकेंद्रातील डॉक्टरजवळ, जागा मिळाल्यावर सर्व हकीकत सांगावी. यूकासच्या फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल जो वेगळा प्रश्न असतो, तोही या दुसऱ्या दाराचाच आहे, मदतीची व्यवस्था करता यावी म्हणून विचारलेला. हे दार ऑगस्टआधीच ठोठवावे. चालू डॉक्टरांकडून पत्र घ्यावे, पुढची तपासणी केव्हा व कोठे हे ठरवून ठेवावे. इथेच राहणार असेल तर उत्तम, जुने डॉक्टर सोडूच नयेत.

एक शब्दाचीही अडचण आहे. आपल्या मराठीत 'निराश' हा रोजचा शब्द. क्रिकेटचा सामना हरला की निराश, भाजीत मीठ जास्त पडले की निराश. त्यामुळे 'नैराश्य' म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, पोर जरा हिरमुसले आहे, फिरायला नेले की खुलेल. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, रस, एकाग्रता सगळेच आटते, आंघोळीला उठणेही डोंगर होते, त्या आजाराला आपल्या स्वयंपाकघरात शब्दच नाही. आपली मुले शाळेत मातृभाषा म्हणून बहुधा हिंदी शिकतात, कारण मराठी त्या यादीत नाही. म्हणजे मुलाला जे इंग्रजीत सांगता येते ते आजीला मराठीत सांगता येत नाही, आणि मधल्या मधे आई दोघांची दुभाषी होते. 'कासव' हा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा चित्रपट, ज्याला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तो आजी-आजोबांसह घरी बसून पाहावा असे आम्ही सुचवू. नैराश्याने ग्रासलेल्या एका तरुणाला एक बाई कोकणात आपल्या घरी ठेवून घेते, एवढीच गोष्ट आहे. आमच्या भाषणापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

आपल्या समाजात लपवाछपवीचे खरे कारण विद्यापीठ नसतेच. मंडळाच्या गणपतीत चार जणी विचारतील, आणि पुढेमागे स्थळे पाहताना कोणीतरी आठवण काढील, ही भीती असते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही, लोक बोलतात. पण काळ थोडा पुढे गेला आहे हेही पाहावे. मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१६च्या पाहणीत येथील प्रौढांपैकी सातांतल्या एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा मानसिक आजार झालेला आढळला, आणि त्यांत नैराश्य सर्वांत पुढे होते. १५ ते ३५ वयोगटाची राष्ट्रीय पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे तीनांत एकाने नैराश्य, चिंता वा ताण यांची तीव्र लक्षणे सांगितली. गणपतीत विचारणाऱ्या त्या चार जणींच्या घरांतही हे आकडे लागू पडतात. कायदाही बदलला. १ जानेवारी २०२०पासून इथे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही. त्याच साली नोकरीच्या अर्जात मानसिक आजाराची विनाकारण विचारणा करू नये असे मार्गदर्शन मालकांना झाले, आणि २०२५च्या जानेवारीत संसदेने संमत केलेल्या नोकरीतील समन्यायाच्या कायद्यात मानसिक आजारामुळे होणाऱ्या भेदभावाचाही समावेश आहे.

आम्हां शिक्षकमंडळींकडेही यातले काम आहे. शिफारस लिहिताना 'वैयक्तिक कारणांमुळे' असे मोघम लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. वाचणाऱ्याला त्यावरून काहीही वाटू शकते, अगदी पोलीस-प्रकरणसुद्धा. विद्यार्थ्याची संमती घ्यावी, त्याला मसुदा दाखवावा, आणि मग आजारपण होते, या महिन्यापासून या महिन्यापर्यंत होते, परतल्यावर हजेरी इतकी होती, असे लिहावे. प्रशिक्षणाच्या काळात शिफारसपत्र कसे लिहावे हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. नव्या शिक्षकांना ते शिकवले जावे.

ज्यांच्या घरी हे आज चालू आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १६ ते ३० वर्षांच्या तरुणांची तपासणी व सल्ला यांसाठी 'चॅट' ही मानसिक आरोग्य संस्थेची सेवा २००९पासून आहे. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी १७७१ हा राष्ट्रीय क्रमांक २०२५च्या जूनपासून चोवीस तास सुरू आहे, आणि जीव नकोसा झाल्याचे मूल बोलत असेल तर १७६७ हा समॅरिटन्सचा क्रमांक.

आणि हो, अर्जाचे सर्व विचारून झाल्यावर पालक दाराशी थांबून शेवटचा एक प्रश्न हमखास विचारतात, की पुण्याच्या आत्याला हे कळवायचे का. ते मात्र मुलीला विचारावे.