संगिनीची जन्मपत्रिका

जुन्या वस्तू जमवणारी माणसे दोन प्रकारची असतात. वस्तू हाती आली की ती घासूनपुसून लखलखीत करणारी, आणि ती आधी वाचणारी. ब्रिटिश लष्कराच्या जुन्या संगिनी जमवायच्या, तर दुसऱ्या प्रकारात मोडावे लागते, कारण संगीन आपली जन्मपत्रिका अंगावरच वागवते.

पहिल्या महायुद्धातली ‘१९०७ पॅटर्न’ संगीनच घ्या. ली-एनफिल्ड रायफल आखूड झाली, मग सैनिकाची पोच कमी पडू नये म्हणून पाते १७ इंचांचे केले. नमुना घेतला जपानी अरिसाका रायफलच्या संगिनीवरून. मुठीजवळ पात्यावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे आणि १९०७ हा आकडा. पुष्कळांची फसगत होते ती इथेच. १९०७ हे नमुन्याचे वर्ष. संगीन घडली कधी, ते खालच्या बारीक आकड्यांत असते. ‘८ १७’ म्हणजे ऑगस्ट १९१७. त्याखाली विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन असे कारखान्याचे नाव. उलट बाजूला सरकारी मालकीचा बाण आणि पाते वाकवून पारखल्याची फुली. सुरुवातीच्या संगिनींना मुठीपाशी आकडी असे, ती १९१३ साली बंद झाली. आकडी शाबूत असलेली संगीन म्हणूनच दुर्मिळ, आणि म्हणूनच खोटी आकडी जोडून विकणारेही भेटतात.

बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतही या संगिनी बनल्या. त्यांवर ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे दिसतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात लांब पाते अडचणीचे ठरले, तेव्हा भारतात कितीतरी पाती कापून १२ इंचांवर आणली गेली. लांब पात्याच्या मोहात पडलेल्याला ही संगीन तुटकी वाटेल. मला मात्र तीच जवळची वाटते, कारण तिच्यात आपल्या देशाचा इतिहास आहे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्याआधी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली. मराठीत आजा म्हणा की कन्नडमध्ये अज्ज, पलटणीत गेलेला पूर्वज इथल्या बऱ्याच घरांत निघतो.

अशा घरातल्या माळ्यावर एखादी संगीन सापडली की खंडेनवमीला, आयुधपूजेला, ती बाहेर निघते. पूजा जरूर करावी, पण आधी सँडपेपर आणि विटेची भुकटी लांब ठेवावी. एका दुपारच्या घासण्यात शंभर वर्षांची अक्षरे जातात आणि उरतो नुसता लोखंडाचा तुकडा. मऊ फडक्याने मशीनचे पातळ तेल लावले तरी गंज थांबतो. पाते कायम चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते.

शस्त्रनियमांच्या यादीत संगिनीचे नाव आहे. तेव्हा घेण्यापूर्वी किंवा सापडल्यावर पोलीस ठाण्यात चौकशी करावी. शंभर वर्षांपुढची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि एक. पात्यावर कारखान्याचे नाव असते, पण ती पेलणाऱ्या शिपायाचे नसते. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक. त्यांना विचारून त्याचे नाव, गाव, पलटण एका कागदावर लिहून संगिनीसोबत ठेवा. मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये, पण येत्या खंडेनवमीआधी लिहा.