एक कोयता, दोन माणसे

दिवाळी सरली की बीडकडील कुटुंबे ऊसतोडीस निघतात व आमच्या शाळेतील बाके ओस पडतात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून 'एक कोयता'! राबणारे हात चार. उचल मात्र नवऱ्याच्या नावे. बाईने मोळ्या वाहाव्यात आणि तिची मजुरी निराळी मांडूच नये, हा कोठला न्याय? एक दिवस खाडा पडला की उलट दंड. मग दुखणे अंगावर काढावयाचे. २०१९ साली सरकारी समितीस बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली! कारखाने सहकारी म्हणवितात. सहकार कोणाशी? सभासद तो बागाईतदार. तोडणारा ना सभासद, ना हजेरीपटावरचा कामगार, निव्वळ मुकादमाचा देणेकरी. बाबांनो, यंदा उचलीवर अंगठा उठविण्यापूर्वी कारभारणीचे नाव व तिचा वाटा वहीत वेगळा लिहवून घ्या.