फुकट म्हणजे सगळ्यांना फुकट

प्रेक्षक गवत तुडवतात, तेव्हा त्यांच्याकडून एक-दोन डॉलर घ्या, असा हट्ट १९५९ साली न्यूयॉर्कच्या उद्यानखात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी धरला होता. सेंट्रल पार्कात शेक्सपिअरची नाटकं फुकट दाखवणारा जोसेफ पॅप नमला नाही. ब्रुकलिनमधल्या गरीब स्थलांतरित ज्यू घरातला हा पोरगा. सार्वजनिक वाचनालयाला पैसे पडत नाहीत, मग नाटकाला का पडावेत, हा त्याचा सवाल. प्रकरण कोर्टात गेलं आणि तो जिंकला. १९६२ मध्ये त्याच पार्कात डेलाकॉर्ट हे खुलं नाट्यगृह उभं राहिलं. तिथला उन्हाळी नाट्योत्सव आजही विनामूल्य आहे.

मी क्वीन्सला राहते, रुग्णालयात रात्रपाळी करते. ब्रॉडवेच्या एका तिकिटात आमचा आठवड्याचा किराणा येतो. म्हणून ड्युटी संपली की तशीच डेलाकॉर्टच्या फुकट तिकिटांच्या रांगेत येऊन बसते. पार्क सहाला उघडतं, तिकिटं दुपारी बाराला, माणशी दोन. एकदा माझ्या पुढे एक निवृत्त बसचालक होते. १९७३ साली जेम्स अर्ल जोन्सचा किंग लिअर त्यांनी इथंच पाहिला होता. वादळाचा प्रवेश ते मला हातवारे करून सांगत होते आणि मागची कॉलेजची पोरं मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती.

फुकटाची किंमत नसते, असं म्हणणाऱ्यांनी इथं पावसात बसून बघावं. सर आली की नट आत जातात. थांबली की रंगमंचावरची मुलं गुडघे टेकून टॉवेलनं फळ्या पुसतात, नाटक तुटलं तिथून पुढे सुरू होतं. तोवर माणसं रेनकोट पांघरून चिकटून बसलेली असतात. हे चित्र मला ओळखीचं आहे. माझं माहेर कुडाळचं. तिथं जत्रेत देवळापुढे रात्रभर दशावतार चालायचा, तिकीट नसायचं, पण पहाटेपर्यंत कुणी उठायचं नाही.

साडेआठ कोटी डॉलर खर्चून डेलाकॉर्टचं नूतनीकरण झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्वेल्फ्थ नाइट’ने ते पुन्हा उघडलं. शहरातल्या गच्च्यांवरच्या जुन्या लाकडी पाणटाक्यांच्या फळ्या दर्शनी भागाला लावल्यात. व्हीलचेअरवाल्यांची सोय आधीपेक्षा चांगली झालीय. हे सगळं मनापासून आवडलं.

खटकतं ते एकच. मोठी देणगी दिली की इथं राखीव खुर्ची मिळते. एवढा खर्च देणगीशिवाय निघणार नाही, हे मला कळतं. पण खुर्च्या जेमतेम १,८००. त्यातली प्रत्येक राखीव खुर्ची रांगेतल्या कुणाच्या तरी वाट्याची असते. ज्या एक-दोन डॉलरच्या तिकिटाविरुद्ध पॅप कोर्टाची पायरी चढला, तेच तिकीट देणगीच्या नावानं मागच्या दारानं आत येतंय. देणगीदारांनी जरूर द्यावं. त्यांची नावं भिंतीवर ठळक कोरावीत, प्रत्येक प्रयोगाआधी वाचून दाखवावीत. नाटक बघायचं असेल त्या दिवशी मात्र त्यांनीही सहा वाजता रांगेला लागावं.